वारंवार मुरगळणारा घोटा: फोम, फळी आणि डिस्कवर तोल सावरण्याचा आठ आठवड्यांचा सराव

घोटा मुरगळला की सूज उतरेपर्यंत सगळे काळजी घेतात. क्रेप बँडेज, बर्फ, पाय उशीवर. दोन-तीन आठवड्यांनी दुखणं थांबतं, माणूस चालायला लागतो आणि पाय बरा झाला असं धरून चालतो. पुढच्या पावसाळ्यात गडावरून उतरताना किंवा कबड्डीच्या मैदानात तोच पाय पुन्हा वळतो. मग "माझा पाय नाजूकच आहे" असं ठरून जातं. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. सूज उतरल्यावर करायचा सराव राहून गेलेला असतो, एवढंच.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन अस्थिबंध असतात. पाऊल आतल्या बाजूला वळलं की त्यांतला पुढचा आधी ताणला जातो किंवा फाटतो. अस्थिबंध म्हणजे हाडं धरून ठेवणारी नुसती दोरी नव्हे. सांधा किती वाकला, किती वेगाने वाकला ही खबर मेंदूकडे पाठवणारी चेतातंतूंची टोकंही त्यात असतात. दुखापतीनंतर दोरी बऱ्यापैकी जुळते, पण खबर उशिरा आणि अस्पष्ट जाते. लंडनचे अस्थिशल्यचिकित्सक मायकल फ्रीमन यांनी १९६५ साली हा मुद्दा मांडला आणि त्यावर उपाय म्हणून डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहण्याचा व्यायाम सुचवला. आज फिजिओथेरपीच्या खोलीत दिसणारी गोल फळी त्याच विचारातून आली आहे.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. पाय वळायला लागल्यापासून अस्थिबंध ताणला जाईपर्यंत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ मिळतो. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तेवढ्यात जागे होऊन पाय सावरतील, ही अपेक्षा फोल आहे. पाऊल टेकण्याच्या आधीच ते थोडे ताणलेले, तयार असावे लागतात. फळीवरचा सराव मुख्यतः ही तयारी शिकवतो. स्नायूंची ताकद त्याने फारशी वाढत नाही, त्यासाठी वेगळे व्यायाम लागतात. खालच्या वेळापत्रकात दोन्ही आहेत, आणि यातलं एक गाळून दुसरं केलं तर फायदा अर्धाच होतो.

आधी तपासा, मग चढा

ताजी दुखापत असेल तर हाड मोडलेलं नाही याची खात्री आधी हवी. दुखापतीच्या वेळी आणि नंतरही लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या ६ सेंमी भागात, बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जाणवणारा हाडाचा उंचवटा अथवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. नडगी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर घोट्याच्या वरच्या भागात कळ येत असेल, तर ती वेगळ्या प्रकारची दुखापत असते. तिला बरं व्हायला जास्त वेळ लागतो आणि फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. चक्कर येणारे, मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा आलेले, हाडं ठिसूळ झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनीही हा सराव स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

यातलं काही नसेल तर दोन चाचण्या घरी करा.

पहिली भिंतीची. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, अंगठा भिंतीपासून १० सेंमी दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर पाऊल थोडं थोडं पुढे सरकवत कुठे टेकतो ते मोजा. दोन्ही पायांची मापं लिहून ठेवा. दुखऱ्या पायाचं माप २ सेंमी किंवा जास्त कमी असेल तर सांधा आखडलेला आहे. आखडलेल्या घोट्याने फळीवर उभं राहिलं की टाच उचलली जाते, गुडघा आत पडतो आणि सराव चुकीचा होत जातो. अशा वेळी हीच हालचाल व्यायाम म्हणून दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी १५ वेळा करा. गुडघा पुढे न्या, दोन सेकंद थांबा, मागे घ्या.

दुसरी चाचणी साधी आहे. अनवाणी, जमिनीवर, एका पायावर १० सेकंद. हे न दुखता जमत नसेल आणि चालताना लंगडणं गेलं नसेल, तर फळी कपाटातच राहू द्या.

कोणतं साधन घ्यावं

एकच घ्यायचं असेल तर बॅलन्स पॅड घ्या. हा दाट फोमचा चौकोनी तुकडा असतो. नेहमीचं माप साधारण ५० बाय ४१ सेंमी, जाडी ६ सेंमी. तो घसरत नाही, पाय सगळ्या बाजूंनी हळूच खचतो आणि पडण्याचा धोका कमी असतो. विकत घेताना अंगठ्याने दाबून पाहा. अंगठा सहज तळाशी जात असेल तर तो गादीचा साधा फोम आहे, माणसाच्या वजनाखाली लगेच चपटा होईल. सुरुवातीला पैसे खर्चायचे नसतील तर जुनी जाड गोधडी चार-सहा पदरी घट्ट घडी घालून, खाली योगा मॅट ठेवून वापरता येते. उशी वापरू नका, कारण अभ्र्याच्या आत उशी सरकते आणि तुमच्यासकट निघून जाते.

रॉकर बोर्ड एकाच दिशेत झुकतो, पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे. वॉबल बोर्ड म्हणजे गोल फळी, तिच्या खाली मध्यभागी अर्धगोल असतो आणि ती सगळीकडे झुकते. शिकण्याचा क्रम नेहमी रॉकर आधी, वॉबल नंतर.

दोन्ही फळ्या सुताराकडून करून घेता येतात, आणि घरचं माप ठरवता येतं हा त्याचा मोठा फायदा. ४० सेंमी व्यासाची, १८ मिमी जाडीची प्लायवूडची गोल फळी घ्या. खाली मधोमध ५ सेंमी त्रिज्येचा लाकडी अर्धगोल, वरून दोन स्क्रू आणि फेव्हिकॉल लावून बसवा. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडाली पाहिजेत, पाय अनवाणी असतो. अशी फळी साधारण १४-१५ अंशांपर्यंत झुकते, आणि नवख्या माणसाला हे जास्त होतं. अर्धगोल ३ सेंमी त्रिज्येचा घेतला तर झुकाव ९ अंशांच्या आसपास राहतो. आमचा सल्ला असा की आधी ३ सेंमीचा अर्धगोल लावून घ्या आणि सहाव्या आठवड्यानंतर मोठा बसवा. रॉकरसाठी गोळ्याऐवजी त्याच त्रिज्येची अर्धगोल लाकडी पट्टी फळीच्या पूर्ण रुंदीभर लावायची, बाकी सगळं तेच. वरच्या बाजूला पातळ रबरी मॅट चिकटवा. सॅंडपेपर लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण तळवा सोलवटतो.

हवेची डिस्क स्वस्त आणि सुटसुटीत असते, ३३ ते ३५ सेंमी व्यासाची. तिची अडचण अशी की हवा कमी-जास्त झाली की तिचं वागणं बदलतं. कालच्यापेक्षा आज तोल बरा राहिला तो सरावामुळे की हवा गेल्यामुळे, हे कळत नाही. म्हणून हवा भरल्यावर मधली उंची पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर टाच जमिनीला लागत असेल तर हवा कमी आहे.

बोसू बॉल, म्हणजे एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला फुगलेला अर्धा चेंडू, जिममध्ये दिसतो. घोट्याच्या सुरुवातीच्या सरावासाठी तो लागत नाही. सुटा नळकांड्यावर ठेवलेला रोलर बोर्ड तर नवख्यांनी हातही लावू नये. तो पायाखालून निसटला की माणूस थेट पाठीवर किंवा मनगटावर पडतो.

जागा आणि पायाची मांडणी

खोलीचा कोपरा ही सर्वांत चांगली जागा. पाठीमागे दोन भिंती, समोर पाठ तुमच्याकडे केलेली जड खुर्ची. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती आधार देण्याऐवजी तुमच्याबरोबर कलते. ओट्याची किंवा टीपॉयची कड हाताच्या अंतरात नसावी. गुळगुळीत टाइलवर फळी सरकते, म्हणून खाली योगा मॅट हवीच. मॅटमुळे फळीची हालचाल थोडी मंदही होते आणि सुरुवातीला ते उपयोगाचं आहे. मोजे काढा. घरच्या सरावात अँकल सपोर्टही काढा, खेळताना मात्र तो घालायला हरकत नाही.

पाऊल टेकवताना तीन बिंदूंवर लक्ष द्या: टाच, अंगठ्याच्या मुळाखालचा भाग आणि करंगळीच्या मुळाखालचा भाग. तिन्हींवर वजन जाणवलं पाहिजे. बोटं सैल. बोटांनी फळी चिमटीत धरली की तळव्याचे स्नायू ताठ होतात आणि घोटा काम करणं सोडून देतो. फळीचा मध्य पावलाच्या कमानीखाली यावा, टाचेखाली नाही. गुडघा किंचित वाकलेला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत. नजर समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर. श्वास चालू ठेवा, अवघड क्षणी तो नकळत रोखला जातो.

पहिला आणि दुसरा आठवडा: फक्त जमीन

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटं. हे प्रमाण अंदाजाने सांगितलेलं नाही. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीशिवाय घरीच असा सराव दिला होता. नेहमीच्या उपचारांवर थांबलेल्यांपैकी ३३ टक्के जणांचा घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळला, सराव केलेल्यांपैकी २२ टक्के जणांचा.

एका पायावर ३० सेकंद, प्रत्येक पायाने तीन वेळा, मध्ये ३० सेकंद विश्रांती. चांगल्या पायालाही वगळू नका. तीनही वेळा हात न फडफडवता जमलं की डोळे मिटून १० सेकंदांनी सुरुवात करा. डोळे मिटले की नजरेचा आधार जातो आणि सगळा भार घोट्याच्या खबरीवर येतो. म्हणूनच डोळे मिटलेली १० सेकंदं उघड्या डोळ्यांच्या ३० सेकंदांपेक्षा जड जातात. एक हात भिंतीपासून वीतभर अंतरावर तयार ठेवा.

ताकदीसाठी दोन व्यायाम. पहिला, दोन्ही पायांवर चवड्यावर उठणं, १२ वेळा, तीन फेऱ्या. वर जाताना टाचा बाहेर कलंडून वजन करंगळीकडे जातं, आणि ही तर नेमकी मुरगळण्याची स्थिती. ते टाळायला दोन्ही घोट्यांच्या मध्ये टेनिस बॉल धरा आणि तो खाली पडू न देता उठा. वजन अंगठ्याच्या मुळाशी आपोआप येतं. दुसरा, रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर वळवणं. पाय लांब करून जमिनीवर बसा, पट्टा आतल्या बाजूला पलंगाच्या पायाला बांधा, त्याचा फास चवड्याला अडकवा आणि गुडघा न फिरवता फक्त पाऊल बाहेर न्या. जायला दोन सेकंद, परत यायला तीन. परत येणं सावकाशच हवं, कारण मुरगळताना या स्नायूला तेच काम करायचं असतं: लांब होत होत रोखून धरणं. १५ वेळा, तीन फेऱ्या.

तिसरा आणि चौथा आठवडा: फोम आणि रॉकर

बॅलन्स पॅडवर एक पाय, ३० सेकंद, तीन वेळा. सुरुवातीला दोन्ही हात खुर्चीवर, मग एक हात, मग दोन बोटं, मग काही नाही. हा क्रम घाईने संपवू नका. ज्येष्ठांनी दोन बोटांच्या पायरीवर कायमचं थांबलं तरी चालतं, आणि त्यांना पॅडच्या पुढे कोणतंही साधन लागत नाही.

रॉकर बोर्डवर दोन्ही पायांनी उभे राहा. आधी पुढे-मागे. टाच आणि चवडा आळीपाळीने टेकवा, २० वेळा, सावकाश. मग मधोमध स्थिर राहण्याचा प्रयत्न, ३० सेकंद. नंतर फळी फिरवून डावी-उजवीकडे तेच. चौथ्या आठवड्यात एका पायावर.

एक पाय चवड्यावर उठणं याच काळात सुरू करा, आधी आठ-दहा वेळा, भिंतीला बोटं टेकवून. जोर शिल्लक ठेवून थांबा.

आता वेळापत्रकांतून बहुधा सुटणारा भाग. टॅलस हे घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर ओढलेलं असताना रुंद भाग खोबणीत घट्ट अडकतो. चवडा खाली गेला की अरुंद भाग पुढे येतो आणि सांध्याला ढिलाई येते. पायरी उतरताना, उडी मारून चवड्यावर येताना, उतारावर पाऊल टाकताना घोटा याच ढिल्या स्थितीत असतो, आणि मुरगळतो तोही तेव्हाच. सपाट पावलावरचा तोल कितीही चांगला असला तरी तो इथे पुरेसा नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून चवड्यावर थांबण्याचा सराव हवा. जमिनीवर दोन्ही टाचा ३ सेंमी उचला, १० सेकंद स्थिर राहा, पाच वेळा. दोन आठवड्यांनी हेच एका पायावर, भिंतीला दोन बोटं लावून.

पाचवा आणि सहावा आठवडा: गोल फळी

फळीवर चढताना आधी एक कड जमिनीला टेकलेली ठेवा, त्या कडेवर पाय ठेवा, खुर्ची धरा, मग दुसरा पाय. उतरतानाही तसंच. पडण्याचे प्रसंग उभं असताना कमी आणि चढ-उतारात जास्त येतात.

पहिल्या दोन दिवशी दोन्ही पायांनी: कड जमिनीला गोल गोल टेकवत घड्याळाच्या दिशेने १० फेऱ्या, उलट १० फेऱ्या. मग कड जमिनीला लागू न देता ३० सेकंद. इथे कान उपयोगी पडतो. कड टेकल्याचा प्रत्येक टक आवाज मोजा. ३० सेकंदांत तो पाचपेक्षा कमी वेळा आला की एका पायावर जा. एका पायावर पुन्हा तोच नियम. खाली शेजारी राहत असतील तर मॅट दुहेरी घाला.

सहाव्या आठवड्यात हातांना काम द्या. भिंतीवर चेंडू टाकून झेला, किंवा कोणाला समोरून टाकायला सांगा. मैदानात लक्ष घोट्यावर नसतं, त्यामुळे लक्ष दुसरीकडे असताना तोल राहणं हाच खरा कस. डोळे मिटण्याचा सराव मात्र गोल फळीवर करू नका, त्याची जागा जमीन आणि पॅड.

सातवा आणि आठवा आठवडा: उडी, पायरी, मैदान

एका पायावर पॅडवर उभं राहून छोट्या उठाबशा, गुडघा ३०-४० अंश वाकेल इतक्याच, १० वेळा, तीन फेऱ्या. मग जमिनीवर उड्या: दोन पायांनी पुढे उडी, एका पायावर उतरणं, तीन सेकंद गोठल्यासारखं थांबणं. पुढे पाच, बाजूला पाच. पाय टेकल्यावर आवाज कमीत कमी यावा. फळीवर किंवा डिस्कवर उडी मारून उतरू नका, तिथे चूक झाली तर दुरुस्त करायला जागाच नसते.

ट्रेक करणाऱ्यांनी इथून पुढे सराव बाहेर न्यावा: आधी दगडी पायऱ्या उतरणं, मग मुरमाचा सौम्य उतार, ज्या बुटांनी जाणार त्याच बुटांत, पाठीवर रिकामी सॅक आणि नंतर तीन-चार किलो वजन. घसाऱ्याच्या वाटा सगळ्यांत शेवटी. कबड्डी आणि खो-खोवाल्यांनी एकदम दिशा बदलण्याचा सराव आधी निम्म्या वेगाने करावा.

कुठे बिघडतं

दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत असेल आणि तासाभरात शमत असेल तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्याभोवती सूज दिसली किंवा पहिली पावलं लंगडत पडली, तर आदल्या पायरीवर या आणि एक आठवडा तिथेच थांबा. नितंब बाजूला काढून किंवा हात हवेत फिरवून तोल राखला जात असेल तर साधन तुमच्यासाठी अवघड आहे, सोपं घ्या. गुडघा आत पडत असेल तर समोर आरसा ठेवा. तळव्यात पेटके येत असतील तर बोटं आवळली जात आहेत. दोन आठवडे आकडे हलतच नसतील, तर बहुधा भिंतीच्या चाचणीतलं आखडलेपण राहिलेलं असतं, तिकडे परत जा. आणि सांधा अडकल्यासारखा वाटणं, आत खोलवर टोचणं किंवा सपाट रस्त्यावरही पाय दगा देणं सुरू असेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. कूर्चेची दुखापत व्यायामाने सुटत नाही.

आठव्या आठवड्याअखेर तपासा: दोन्ही पायांची भिंतीची मापं जवळपास सारखी, एका पायावर चवड्यावर २० ते २५ वेळा उठणं, आणि गोल फळीवर एका पायाने ३० सेकंदांत टकचा आवाज पाचपेक्षा कमी. यातलं एक जरी कमी असेल तर तेवढ्याच भागावर आणखी दोन-तीन आठवडे द्या. सगळं जमत असेल तर आठवड्यातून एक-दोन दिवस १० मिनिटं पुरतात: पॅडवर एका पायाने ३० सेकंद, चवड्यावर थांबणं आणि पट्ट्याची एक फेरी. पावसाळी ट्रेकच्या किंवा स्पर्धांच्या आधी महिनाभर पुन्हा तीन दिवसांवर या.